कारवी आणि काटस बांबू: आयुष्यात एकदाच फुलणाऱ्या दोन वनस्पतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारवी फुलली की वर्तमानपत्रात जांभळ्या डोंगरांचे फोटो येतात आणि शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. बांबू फुलला की मात्र गावात कुजबुज सुरू होते, आता काय वाढून ठेवलंय म्हणून. खरं तर दोघंही एकच काम करत असतात: वर्षानुवर्षं थांबायचं, सगळ्यांनी मिळून एकाच हंगामात फुलायचं, बी टाकायचं आणि मरून जायचं. त्यामुळे दोघांबद्दलचे प्रश्न बरेचदा एकत्रच येतात, आणि उत्तरं देताना गोंधळही होतो.

कारवी आणि बांबू म्हणजे नेमक्या कोणत्या जाती?

कारवी म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढणारं झुडूप, स्ट्रोबिलँथस कॅलोसा. बांबूच्या जाती पुष्कळ आहेत. इथे बोलायचंय ते काटेरी बांबूबद्दल, म्हणजे बांबुसा बांबोस. त्याला कुठे काटस म्हणतात, कुठे कळक, विदर्भात कटांग. विदर्भातला मानवेल आणि कोकणातला माणगा हे वेगळे बांबू. त्यांची वेळापत्रकं वेगळी आहेत, म्हणून काटसाचा हिशेब त्यांना लावू नये.

दोघांचं आपसात काही नातं आहे का?

सपुष्प वनस्पती आहेत, एवढंच. कारवी द्विदल, अडुळशाच्या कुळातली. अबोली आणि कोरांटी या तिच्या घरातल्या. बांबू एकदल आणि गवताच्या कुळातला, म्हणजे भात, गहू, ऊस यांचा भाऊबंद. या दोन शाखा फुटल्या त्याला बारा कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला. कारवी बांबूपेक्षा सूर्यफुलाला जवळची आहे आणि बांबू कारवीपेक्षा कांद्याला जवळचा. तेव्हा एकदाच फुलून मरण्याची ही रीत दोघांना एका पूर्वजाकडून मिळालेली नाही. प्रत्येकाने ती आपापल्या वाटेने गाठली आहे, आणि तुलना करण्यासारखं आहे ते हेच. रूपात काडीचं साम्य नसताना वागणं इतकं सारखं कसं?

दोघं कुठे वाढतात? एकाच जंगलात सापडतात का?

एकाच डोंगरावर सापडतात, पण सहसा एकाच जागी नाही.

कारवी उताराची. पानझडी आणि निमसदाहरित जंगलात मोठ्या झाडांच्या खाली, किंवा झाडं विरळ असतील तिथे उघड्या उतारावर, तिची दाट रानं असतात. भीमाशंकर, माळशेज, महाबळेश्वर, मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अशा अनेक ठिकाणी ती आहे. माती पातळ, खडक वर आलेला, पावसाळ्यात पाणी धो धो वाहून जाणारं आणि उन्हाळ्यात थेंब नाही, अशा जागी ती टिकते. पावसाळ्यात मोठाली खरखरीत पानं येतात, उन्हाळ्यात नुसत्या काठ्या उरतात. एकदा कारवीचं रान माजलं की त्यात वाट काढणं कठीण. तिच्या मुळांनी उतारावरची माती धरून ठेवलेली असते. वरून पडणाऱ्या पावसाचा मार आधी पानं झेलतात, मग माती. घाटात दरडींवर चर्चा होते तेव्हा कारवीचं नाव फारसं कुणी घेत नाही, घ्यायला हवं.

काटस ओलाव्याचा. ओढ्याकाठी, नदीकाठी, दरीच्या तळाशी जिथे गाळाची खोल माती साठते तिथे त्याची बेटं उभी राहतात. दमट पानझडी जंगल हे त्याचं खास घर. पश्चिम घाटात तो साधारण हजार मीटर उंचीपर्यंत जातो, त्याच्या वर कमी होत जातो. चांगल्या जागी बांबू २५ ते ३० मीटर उंच जातो. पावसाळ्यात कोंब फुटला की काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, आणि कोंब जेवढा जाड निघाला तेवढीच जाडी कायम राहते. नंतर झाडासारखं खोड फुगत नाही. बेटाच्या तळाला काटेरी फांद्यांची अशी जाळी होते की आतला बांबू काढणं हे तोडणाऱ्याला नकोसं काम वाटतं. गव्यांना त्याचा पाला आवडतो, आणि पाखरांना ती काटेरी जाळी घरट्याला सोयीची पडते.

थोडक्यात, कारवी पाणी निघून जातं तिथली आणि काटस पाणी येऊन थांबतं तिथला. डोंगराच्या धारेवरून ओढ्यापर्यंत सरळ खाली उतरलात तर एकाच चालीत दोन्ही भेटतील.

कारवी सात वर्षांनी फुलते की आठ?

दोन्ही बरोबर, जागेप्रमाणे. बहुतेक ठिकाणी सात सांगतात. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली, म्हणजे तिथलं अंतर आठाचं. शिवाय सगळा सह्याद्री एकाच वर्षी फुलत नाही. एका डोंगरावरची कारवी फुललेली असते तेव्हा शेजारच्या खोऱ्यातली नुसती हिरवी असू शकते. ‘यंदा कारवीचं वर्ष आहे’ असं कुणी म्हटलं की कुठल्या डोंगराचं, हे विचारून घ्यावं. मुख्य वर्षाच्या आगेमागे फुलणारी चुकार झुडपंही असतात. ती मोजून अंदाज बांधू नये.

कासच्या पठारावर दिसते ती हीच कारवी का? आणि नीलकुरिंजी?

कासवर गाजते ती टोपली कारवी, स्ट्रोबिलँथस सेसिलिस. पालथी टोपली ठेवावी तशी बुटकी, गोल. जांभ्या खडकाच्या सड्यावर, जिथे वाऱ्याला अडवायला काही नाही, तिथे हा बुटकेपणा कामाचा. नीलकुरिंजी ही तिसरी बहीण, स्ट्रोबिलँथस कुंथियाना. ती केरळ-तमिळनाडूच्या उंच गवताळ डोंगरांवर बारा वर्षांनी फुलते. मुन्नारजवळ २००६ आणि २०१८ साली फुलली, त्या हिशेबाने आता २०३०. याच प्रजातीत दरवर्षी फुलणाऱ्या जातीही आहेत, तेव्हा थांबणं हा सगळ्या घराण्याचा स्वभाव नाही.

काटस किती वर्षांनी फुलतो?

पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या नोंदी १८०४, १८३६ आणि १८६८ अशा आहेत, म्हणजे नेमकं ३२ वर्षांचं अंतर. इतर भागांतून चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्याही नोंदी मिळतात. माणसाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा दिसणारी गोष्ट आहे. त्यामुळे गावात त्याबद्दल अनुभव कमी आणि ऐकीव गोष्टी जास्त असतात. कारवीचं तसं नाही. साठीच्या माणसाने आपल्या डोंगरावरचे सात-आठ बहर पाहिलेले असतात.

वर्षं मोजतात तरी कशी?

बांबूच्या बाबतीत एवढं नक्की की घड्याळ आत आहे, हवेत नाही. एकाच बेटाची रोपं दूरदूर, वेगळ्या हवामानात नेऊन लावली तरी ती मूळ बेटाच्या सुमारासच फुलल्याची उदाहरणं आहेत. दुष्काळ किंवा वणवा यांमुळे वर्ष थोडं मागेपुढे होतं, पण मूळ गणित वनस्पतीच्या अंगातलं. पेशी हा हिशेब नेमका कुठे आणि कसा ठेवतात, हे विज्ञानाला अजून उलगडलेलं नाही.

गणिताबद्दल मात्र एक सुंदर कल्पना आहे. काटसाचे ३२, चीनमधल्या एका बांबूचे ६० आणि दुसऱ्या एकाचे १२०, हे सगळे आकडे दोन, तीन, पाच अशा लहान संख्यांच्या गुणाकारांतून बनतात. ३२ म्हणजे तर पाच वेळा दुप्पट. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१५ साली असं मांडलं की हे अंतर एकेक वर्षाने वाढलेलं नसून पटीपटीने वाढलं असावं. कारण सरळ आहे. सगळे दोन वर्षांनी फुलत असताना एखादा तीन वर्षांनी फुलू लागला तर तो बहुतेकदा एकटा पडेल आणि त्याचं बी उंदीर फस्त करतील. पण तो चार वर्षांनी फुलू लागला तर दर वेळी सोबतीला गर्दी असेलच. पट चालते, अधलंमधलं अंतर चालत नाही.

एवढं थांबून मिळतं काय?

सर्वांत जास्त मानलं जाणारं उत्तर बी खाणाऱ्यांशी जोडलेलं आहे. अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ साली बांबूबाबत ते सविस्तर मांडलं. दरवर्षी थोडं थोडं बी टाकलं तर उंदीर, पाखरं, रानडुकरं, किडे ते सगळं खातात आणि त्या खाण्यावर आपली संख्याही टिकवून ठेवतात. उलट कित्येक वर्षं काहीच दिलं नाही तर त्या बियांवर जगणारे वाढतच नाहीत. मग एका हंगामात अचानक इतकं बी पडतं की सगळ्यांनी पोटभर खाऊनही भरपूर उरतं.

याला अट एकच: सगळ्यांनी एकत्र फुलायचं. एकट्याने चुकीच्या वर्षी फुलणं म्हणजे स्वतःचं सगळं आयुष्य उंदरांना वाढून देणं. म्हणून चुकार झुडपांची फुलं दिसायला छान असली तरी त्यांच्या बियांचा निभाव लागणं अवघड.

मग मरायचं कशाला? साठवलेलं सगळं बियांत ओतायचं ठरवल्यावर मागे काही उरत नाही, हे एक. दुसरं असं की आईच्या सावलीत रोपं वाढत नाहीत. कारवीच्या दाट रानाखाली किंवा बांबूच्या बेटाखाली उजेड नसतो. जुनं वाळलं की तो मिळतो. पण मला वाटतं हे दुसरं कारण काटसाला जास्त लागू आहे. तीस मीटर उंचीचं बेट उभं असेल तर खालच्या गवताएवढ्या रोपाला आशाच नसते. कारवीची सावली तुलनेने हलकी आणि वर्षातले काही महिनेच.

फुलं कशी असतात?

इथे दोघं पार वेगळे. कारवीची फुलं नरसाळ्याच्या आकाराची, निळी-जांभळी आणि मधाने भरलेली, कारण तिला माश्या हव्यात. आग्या माश्या, सातेरी, फुलपाखरं, सगळी तिच्यावर तुटून पडतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तिचा काळ. बांबूच्या फुलाला पाकळ्याच नसतात. पानं झडून गेलेल्या फांद्यांवर भाताच्या लोंबीसारखे तुरे लटकतात आणि परागकण वारा नेतो. फुललेला बांबू पाहून बऱ्याच जणांना तो रोगाने वाळलाय असंच वाटतं.

बी कसं पसरतं?

दोघांचं लक्ष पहिल्या पावसावर, पण तिथे पोचायचे मार्ग निराळे. काटसाचं बी उन्हाळ्यात पिकून गळतं आणि पाऊस पडताच रुजतं. ते फार काळ टिकत नाही, काही महिन्यांत त्याची रुजण्याची ताकद कमी होत जाते. कारवीचं फळ हिवाळ्यात पिकून वाळतं, पण बोंड बंदच राहतं. बी सगळा उन्हाळा मेलेल्या झुडपावर टांगलेलं असतं. पुढच्या वर्षीचा पाऊस लागला की ओलाव्याने बोंडं तडकतात आणि आतल्या आकड्यांसारख्या भागाच्या झटक्याने बी दूर फेकलं जातं. हजारो बोंडं एकाच वेळी तडकतात तेव्हा रानात तडतड आवाज ऐकू येतो. कारवीचा बहर पाहायला गर्दी करणाऱ्यांनी हा दुसरा अंक पाहायला (किंवा ऐकायला) पुढच्या जूनमध्ये जावं. तो कमी प्रसिद्ध आहे, पण मला तोच जास्त आवडतो.

बांबू फुलला की दुष्काळ पडतो, हे खरं का?

बांबूच्या फुलण्याने पाऊस अडत नाही. पण ही समजूत उगाच तयार झालेली नाही. तिच्या मागे उंदीर आहेत.

मिझोराममध्ये मेलोकॅना बॅक्सिफेरा हा बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो. त्या घटनेला तिथे ‘मौताम’ म्हणतात. त्याची फळं मोठी, गराची, आणि डोंगरच्या डोंगर एकदम फळतात. उंदरांची संख्या भडकते, फळं संपली की ते शेतातल्या आणि कोठारातल्या धान्याकडे वळतात. १९५९ च्या सुमाराला असाच दुष्काळ पडला. सरकारी मदत अपुरी पडल्याचा राग साचला, दुष्काळ निवारणासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतून १९६१ साली मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष निघाला, १९६६ साली उठाव झाला आणि शांतता करार व्हायला १९८६ उजाडलं. बांबूच्या फुलांनी राज्याचा इतिहास वळवल्याचं इतकं ठळक दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर नाही. पुढचा मौताम २००६-०८ मध्ये येणार हे माहीत होतं, त्यामुळे उंदीर मारण्यापासून धान्यसाठ्यापर्यंत आधीच तयारी झाली होती.

आपल्याकडच्या काटसाचं बी भाताएवढं बारीक. उंदीर त्यावरही वाढतात, पण जुन्या नोंदींत उलटी गोष्टही सापडते. १८६४ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सुपा भागात बांबू फुलला तेव्हा धारवाड आणि बेळगावकडून पन्नास हजारांच्या आसपास माणसं बी गोळा करायला जंगलात उतरल्याची नोंद आहे. ते बी भातासारखं शिजवून खातात. म्हणजे ज्या बहराला अपशकुन म्हणायचं, त्यानेच टंचाईत कित्येकांच्या चुली पेटवल्या.

सगळं एकदम मेल्यावर डोंगर उघडा पडतो का?

कारवीच्या बाबतीत फार काळ नाही. वाळलेल्या काठ्या उभ्या असतात आणि त्यांच्या पायाशी पुढच्याच पावसात रोपांचा गालिचा उगवतो. बांबूला वेळ लागतो. पहिली काही वर्षं रोपं गवतासारखीच दिसतात, गुरं चरतात, आणि पुन्हा तोडण्याजोगं बेट व्हायला आठ-दहा वर्षं जातात. मधल्या काळात वाळलेल्या बांबूंना वणवा लागण्याचा धोका मोठा. बहरानंतरची दोन-तीन वर्षं चराई आणि आग रोखली तर जंगल आपलं आपण उभं राहतं.

माझ्या बांधावरचा बांबू फुलेल का? खत-पाणी देऊन वाचवता येईल का?

हे रोप कुठून आलं त्यावर आहे. बियाण्यापासून झालेल्या रोपाचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं. कंद, छाट किंवा फांदीपासून केलेलं रोप मात्र आईचंच वय घेऊन येतं. तीस वर्षांच्या बेटाचा कंद आणून लावलात तर तो तुमच्याकडे लहान दिसला तरी हिशेबाने तीस वर्षांचाच. म्हणून रोपं घेताना मूळ बेट कधीचं, तिथे शेवटचा बहर कधी आला, हे जरूर विचारा. रोपवाटिकेत उत्तर मिळत नसेल तर बियाण्याची रोपं घ्यावीत.

एकदा पूर्ण बेट फुललं की ते पाणी-खताने वाचेल अशी आशा धरू नये. फुलून गेलेला बांबू ठिसूळ होतो आणि कामाला कमी टिकतो. सुरुवातीलाच तोडून विकावा, थोडे बांबू बियांसाठी राखावेत.

कारवी बागेत लावता येते का?

येते, पण कशाला? सात वर्षं काठ्या सांभाळून एक बहर, आणि मग झुडूप मेलेलं. डोंगरउतार तुमचा असेल आणि माती धरायची असेल तर वेगळी गोष्ट.

बांबू कायद्याने झाड की गवत?

वनस्पतिशास्त्रात गवतच. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात मात्र झाडाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. २०१७ च्या दुरुस्तीने तो काढला, त्यामुळे वनाबाहेर, स्वतःच्या शेतात लावलेल्या बांबूच्या तोडणी-वाहतुकीची अडचण सुटली. जंगलातल्या बांबूला ही सूट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे जंगलात राहणाऱ्यांना गोळा करून विकण्याचा हक्क असलेल्या वनउत्पादनात, मोडतो, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेने २०११ मध्ये त्या हक्काने स्वतः बांबू विकायला सुरुवात केली.

कारवीच्या काठ्यांचा उपयोग काय?

घराच्या भिंती. काठ्या उभ्या-आडव्या बांधून कुड करायचा आणि त्यावर शेणामातीचा गिलावा द्यायचा. सह्याद्रीतल्या आदिवासी पाड्यांवर असे कुड अजून दिसतात. हवा खेळती राहते, आणि काठी बदलायला पैसे लागत नाहीत. वासे आणि खांब मात्र बांबूचे किंवा लाकडाचे. तेवढी ताकद कारवीत नाही.

कारवीचा मध दरवर्षी कसा काय मिळतो?

वेगवेगळे डोंगर वेगवेगळ्या वर्षी फुलतात, शिवाय कारवीच्या इतर जातीही आहेत. त्यामुळे दरवर्षी थोडा मध मिळणं अशक्य नाही. मात्र दरवर्षी, कितीही मागा तेवढा मिळत असेल तर बाटलीवरच्या नावावर फार विसंबू नये. खरा कारवीचा मध दाट आणि गडद असतो.

बहर पाहायला कधी जावं, आणि काय टाळावं?

सप्टेंबर हा सुरक्षित अंदाज, पण पावसाप्रमाणे आठवडे सरकतात. स्थानिक वनरक्षकाला किंवा त्या डोंगरावरच्या गावात विचारून निघणं बरं. फोटोसाठी झुडपांत शिरू नये. इतर फुलं यंदा तुडवली तर पुढच्या वर्षी पुन्हा येतात. कारवीच्या त्या झुडपाला पुढचं वर्षच नसतं, आणि त्या जागी बी पडलं नाही तर तिथला पुढचा बहरही गेला. काटसासाठी मुद्दाम सहल काढता येत नाही. हिवाळ्यात ओढ्याकाठी एखादं पानं झडलेलं, पिवळट तुऱ्यांनी लगडलेलं बेट दिसलं तर थांबून पाहा आणि तारीख लिहून ठेवा. अशा नोंदी कमी आहेत, आणि पुढच्या बहराचा अंदाज त्यांच्यावरच बांधला जातो.